गुणवत्ता हेडलींची, कर्णधारपद गोऱ्यांचे

आरक्षणाचा विषय निघाला की, मग क्रिकेटच्या संघातही राखीव जागा ठेवा, असा टोमणा मारणारे आपल्याकडे कमी नाहीत. क्रिकेटमध्ये म्हणे फक्त गुणवत्ता चालते! या मंडळींनी जॉर्ज हेडलींची कारकीर्द एकदा तपासावी, असे आम्ही सुचवतो.

हेडली १९०९ साली पनामात जन्मले. वडील बार्बाडोसचे, पनामा कालव्याच्या कामावर राबायला गेलेले; आई जमैकाची. दहाव्या वर्षी मुलगा शिकायला जमैकात आला. पुढे अमेरिकेत जाऊन दंतवैद्य व्हायचे ठरले होते. पण १९२८ मध्ये इंग्रज खेळाडूंचा संघ जमैकात आला, हेडलींनी त्यांना २११ धावा चोपल्या आणि दंतवैद्यकी राहिली ती राहिलीच. १९३० मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत १७६, जॉर्जटाऊनला दोन्ही डावांत शतके, किंग्स्टनला २२३. वय वर्षे वीस! १९३५ मध्ये त्यांच्या नाबाद २७० धावांच्या बळावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला हरवून पहिली कसोटी मालिका जिंकली. १९३९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली. तिथे तोवर हे कुणालाच जमले नव्हते. २२ कसोटींत १० शतके, सरासरी ६०.८३. जग त्यांना काळा ब्रॅडमन म्हणे. त्यांची माणसे मात्र ब्रॅडमनलाच गोरा हेडली म्हणत. आम्हाला हेच अधिक रास्त वाटते.

आणि कर्णधारपद? १९३० च्या त्या मालिकेत चार कसोटींना चार कर्णधार झाले, त्यांत काळा एकही नाही. पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर केंब्रिजला शिकलेल्या २३ वर्षांच्या जॅकी ग्रँटकडे नेतृत्व गेले. १९३९ मध्ये त्याच्याच भावाकडे. धावा हेडलींनी काढायच्या, नाणेफेकीला गोऱ्याने जायचे! इथे आमच्या वाचकांना बाळू पालवणकर आठवतीलच. हिंदू संघाला सामने जिंकून देणाऱ्या बाळूंना चांभार म्हणून कर्णधारपद नाकारले गेले; ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले.

हेडलींची नेमणूक व्हायला १९४८ चा जानेवारी उजाडला. वेस्ट इंडीजचे कर्णधार म्हणून नेमले गेलेले ते पहिले काळे खेळाडू. वय ३८, कसोटी एकच. पाठ दुखावली आणि सूत्रे पुन्हा गोऱ्यांकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गोडार्डच्या संघातून दिल्लीत खेळले, दोन धावांवर बाद झाले. कसोटी सुरू होण्याच्या सहाच दिवस आधी, ४ नोव्हेंबरला, त्याच शहरात बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला होता. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबरला संमत झाले.

पुढे जमैकाच्या जनतेने वर्गणी काढून हेडलींना इंग्लंडहून मायदेशी आणले. १९५४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते शेवटची कसोटी खेळले. संपूर्ण मालिकेचे नेतृत्व काळ्या माणसाकडे, फ्रँक वॉरेलकडे, आले ते १९६० मध्ये, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवल्यावर. हेडली तेव्हा पन्नाशी ओलांडून जमैकात पोरांना क्रिकेट शिकवत होते.