मॅटरहॉर्नचा मानकरी : एडवर्ड व्हिंपर

एव्हरेस्ट म्हटले की तेनसिंग आणि हिलरी ही नावे आपल्या ओठांवर आपोआप येतात. आल्प्समधील मॅटरहॉर्न म्हटले की गिर्यारोहकांच्या ओठांवर असेच एक नाव येते, ते म्हणजे एडवर्ड व्हिंपर. फरक इतकाच, की व्हिंपरच्या नावाबरोबर चार मृत्यूंचीही आठवण निघते. त्याचे चरित्र सांगायचे तर विजयाची गोष्ट सांगावी लागते आणि त्या विजयानंतरच्या दीड-दोन तासांत काय घडले तेही सांगावे लागते.

व्हिंपर २७ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये जन्मला. अकरा भावंडांत त्याचा क्रमांक दुसरा. वडील लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर होते. त्या काळी पुस्तकात छायाचित्र छापण्याची सोय नव्हती. प्रत्येक चित्र कुणीतरी लाकडी ठोकळ्यावर उलटे कोरायचे आणि मग त्याचा ठसा कागदावर उमटायचा. हे फार चिकाटीचे काम. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून एडवर्ड वडिलांच्या हाताखाली या कामाला बसला. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नाही. त्या वेळी आल्प्समध्ये जाणारे इंग्रज बहुधा वकील, पाद्री, प्राध्यापक असत. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसे. त्यांच्यात हा कारागिराचा मुलगा. ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली गेली आहे अशा आमच्यासारख्यांना त्याच्या मनातला अवघडलेपणा समजावून सांगावा लागणार नाही.

डोंगरांचे त्याला मुळात वेड नव्हते. १८६० साली लाँगमन या प्रकाशकाला आल्प्सची चित्रे हवी होती, म्हणून वीस वर्षांच्या व्हिंपरला तिकडे धाडण्यात आले. तो गेला रेखाटने करायला आणि गुंतला शिखरांत. पुढच्याच वर्षी त्याने फ्रान्समधील पेल्व्हू शिखर गाठले. १८६४ साली ४१०२ मीटर उंचीच्या बार दे झेक्रँ या शिखरावर सर्वांत आधी पोचणाऱ्या तुकडीत तो होता. याच मोहिमेत मिशेल क्रो हा शामोनी खोऱ्यातला वाटाड्या त्याच्या बरोबर होता. पण त्याचे खरे लक्ष एकाच शिखराकडे लागले होते.

मॅटरहॉर्न ४४७८ मीटर उंच आहे. एका अंगाला स्वित्झर्लंडचे झेरमाट गाव, दुसऱ्या अंगाला इटलीचे ब्रॉय. झेरमाट समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर जिथे संपते, साधारण त्या उंचीवर तेथील गाव सुरू होते! तिथून वर पाहिले की हा चौधारी सुळका एकटाच आकाशात घुसलेला दिसतो. १७८६ साली माँ ब्लाँ सर झाले, १८५५ साली मोंते रोझाचा माथा गाठला गेला. मॅटरहॉर्न मात्र तसेच उभे होते. त्यावर भुते राहतात असे खाली राहणारे लोक मानत.

१८६१ ते १८६५ या काळात व्हिंपरने इटलीच्या बाजूने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. सात वेळा तो परत फिरला. १८६२ साली तर एकटाच वर चढला. उतरताना पाय घसरला आणि जवळजवळ २०० फूट तो आपटत, उसळत खाली गेला आणि कड्याच्या अगदी तोंडाशी थांबला. डोक्याच्या जखमांवर त्याने बर्फ दाबून धरले आणि कसाबसा खाली आला. आठवड्याभरातच स्वारी पुन्हा डोंगरावर! याला धैर्य म्हणावे की हट्ट, हे मला ठरवता येत नाही. त्या बाजूचा उत्तम वाटाड्या होता झाँ-आंत्वान कारेल. त्याला व्हिंपरची साथ हवी असे आणि नकोही असे, कारण हा डोंगर आपल्या खोऱ्याचा, त्यावर पहिले पाऊल आपल्याच माणसाचे पडावे, ही त्याची इच्छा होती. मला तरी ती मुळीच गैर वाटत नाही.

जुलै १८६५ मध्ये कारेल इटालियन तुकडीबरोबर निघून गेला आणि व्हिंपर ब्रॉयमध्ये वाटाड्यावाचून अडकला. तेवढ्यात लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हा अठरा वर्षांचा तरुण भेटला. दोघे खिंड ओलांडून झेरमाटला आले. तेथे मिशेल क्रो दिसला. त्याला चार्ल्स हडसन या पाद्र्याने त्याच शिखरासाठी नेमले होते. हडसन त्या काळातील हौशी गिर्यारोहकांतला एक अव्वल माणूस. एकाच डोंगरावर एकाच वेळी दोन तुकड्या कशाला, म्हणून त्या एक झाल्या. हडसनबरोबर डग्लस हॅडो नावाचा तरुण होता. वय वर्षे एकोणीस, आल्प्समधला हा त्याचा पहिलाच उन्हाळा.

येथे थोडे थांबायला हवे. हॅडोला मॅटरहॉर्न झेपेल का, असे व्हिंपरने हडसनला विचारले होते. उत्तर मिळाले, की त्याने माँ ब्लाँ इतरांपेक्षा कमी वेळात चढून दाखवले आहे. व्हिंपरचे समाधान झाले. माँ ब्लाँ हे मॅटरहॉर्नपेक्षा तीनशेहून अधिक मीटरने उंच, मग जो तिथे गेला तो इथेही जाईल, असा हिशेब. वरवर पाहता तो बरोबर वाटतो, पण डोंगराची उंची वेगळी आणि त्याची अवघडाई वेगळी. माँ ब्लाँची नेहमीची वाट म्हणजे बर्फावरची लांबलचक चढण. तिथे छाती आणि दम लागतो. मॅटरहॉर्नवर खडकाच्या अरुंद खाचेत पाऊल नेमके ठेवावे लागते, आणि उतरताना तर जास्तच. हॅडोजवळ दम होता, पण पाऊल तयार झालेले नव्हते. झेरमाटच्या आसपास त्याच्या त्या दिवसाच्या तयारीला साजेशी शिखरे काय कमी होती? ब्राइटहॉर्न ४१६४ मीटरचे आहे आणि चार हजार मीटरवरच्या शिखरांत ते सोप्यांपैकी एक मानले जाते. मेटेलहॉर्न ३४०६ मीटरचे, धडधाकट माणसाला एका दिवसात होण्यासारखे. आज स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरवाटेला पांढरी-तांबडी-पांढरी आणि खऱ्या अवघड वाटेला पांढरी-निळी-पांढरी खूण असते. पाटी पाहूनच आपण कुठवर जावे हे माणसाला कळते. १८६५ मध्ये असे काही नव्हते. एकाने दुसऱ्याबद्दल दिलेला शब्द, एवढेच मोजमाप.

१३ जुलैच्या पहाटे ते निघाले. व्हिंपर, हडसन, डग्लस, हॅडो, क्रो आणि झेरमाटचे पीटर टाउगवाल्डर बाप-लेक. आजवर अशक्य समजली गेलेली झेरमाटकडची धार प्रत्यक्षात खालून दिसते त्यापेक्षा सोपी निघाली. १४ जुलै रोजी दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी मॅटरहॉर्नचा माथा पायाखाली आला. खाली, इटलीच्या बाजूला, कारेलची माणसे ठिपक्यांसारखी दिसत होती. त्यांचे लक्ष वेधण्यासाठी यांनी आरोळ्या ठोकल्या, दगड लोटले. क्रोने आपला सदरा तंबूच्या काठीला बांधून निशाण केले. तासभर सर्वजण वर होते.

उतरताना पुढे क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला पीटर, व्हिंपर आणि शेवटी धाकटा पीटर असा क्रम होता. सातही जण एका माळेत. चढतानाच हॅडोला वारंवार आधार द्यावा लागत होता. आता क्रो आपली बर्फकुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे एकेक पाऊल हातांनी धरून खाचेत बसवत होता. तीन वाजून गेले होते. हॅडो घसरला आणि क्रोवर आदळला. क्रो उडाला, दोराच्या हिसक्याने हडसन ओढला गेला, मागोमाग डग्लस. वरच्या तिघांनी खडकाला घट्ट धरले. थोरल्या पीटरने तो हिसका सोसलाही असता, पण त्याच्या आणि डग्लसच्या मधला दोर तुटला. चौघे जवळजवळ चार हजार फूट खाली हिमनदीवर कोसळले. तिघांची प्रेते सापडली. डग्लसचे शव कधीच मिळाले नाही.

अर्धा तास उरलेल्या तिघांना हलता येईना. संध्याकाळी धुक्यात प्रकाशाची कमान आणि दोन क्रूस उमटलेले त्यांना दिसले. तो निसर्गाचाच खेळ होता, पण त्या क्षणी त्यांच्या जिवाला काय वाटले असेल!

तुटलेला दोर हा बरोबर आणलेल्या दोरांपैकी सर्वांत कच्चा होता. मजबूत दोर शिल्लक असताना तो का वापरला, हा प्रश्न उठला. थोरल्या पीटरवर संशय घेतला गेला. चौकशी झाली, तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. व्हिंपरनेही दोर कापला गेला नव्हता असे स्पष्ट सांगितले, पण पीटरबद्दलचे त्याचे लिखाण वाचताना तो त्या गरीब वाटाड्याच्या पाठीशी पुरता उभा राहिला असे वाटत नाही. हॅडोची तयारी पुरेशी आहे असे मानून घेणाऱ्यांत तो स्वतःही होता, आणि हा प्रश्न दोरापेक्षा आधीचा आहे. तो तुटका दोर आजही झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. इंग्लंडमध्ये एवढा गहजब झाला, की या खेळावर बंदी घालता येईल का अशी विचारणा खुद्द व्हिक्टोरिया राणीने केली. बंदी आली नाही. कारेल तीनच दिवसांनी, १७ जुलैला, इटलीच्या बाजूने वर पोचला. १८७१ मध्ये ल्यूसी वॉकर ही पहिली स्त्री तिथे गेली. या डोंगराने आजवर पाचशेहून अधिक बळी घेतले आहेत.

व्हिंपर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आल्प्समधील मोठ्या चढाया त्याने जवळपास थांबवल्या. १८७१ साली त्याने आपल्या चढायांचे पुस्तक काढले आणि त्यातील चित्रांवर स्वतःचे कसब ओतले. १८६७ व १८७२ साली तो ग्रीनलंडला गेला. १८८० साली दक्षिण अमेरिकेत त्याने ६२६३ मीटर उंचीचे चिंबोराझो सर केले, आणि तेव्हा त्याचा सोबती कोण होता? तोच कारेल! पंधरा वर्षांपूर्वीचे प्रतिस्पर्धी एका दोराला बांधून घेऊन चढले. कारेल १८९० साली मॅटरहॉर्नवरच गेला. वादळात सापडलेल्या पाहुण्याला सुखरूप खाली आणले आणि मग स्वतः कोसळला.

उतारवयात व्हिंपरने एक काम केले, त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. १८९६ साली शामोनीची आणि १८९७ साली झेरमाटची अशा दोन प्रवासपुस्तिका त्याने लिहिल्या, त्या साध्या प्रवाशासाठी. खेचरावरून जाणारा आणि दोर बांधून चढणारा, दोघांनाही त्या उपयोगी पडाव्यात. वर्षानुवर्षे तो त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिला. १८९८ मध्ये ३०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटपर्यंत रेल्वे गेली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही मॅटरहॉर्न समोरून पाहता येऊ लागले.

१९०६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याने लग्न केले. एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. स्वभाव एकलकोंडा होता तो तसाच राहिला. सप्टेंबर १९११ मध्ये शामोनीच्या हॉटेलात तो आजारी पडला, खोलीचे दार लावून घेतले आणि डॉक्टरला येऊ दिले नाही. १६ सप्टेंबरला तेथेच त्याचा अंत झाला. शामोनीच्याच दफनभूमीत त्याला पुरले. हे खोरे मिशेल क्रोचे. आणि क्रोची कबर आहे झेरमाटला.