एडवर्ड लॉरी

एडवर्ड लॉरी (१८४६ – १९१५) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक, भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी आणि हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगांचे प्रवर्तक होते. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल दिलेला रुग्ण श्वास थांबून दगावतो की हृदय थांबून, या वादात त्यांनी श्वासाची बाजू मांडली.

शिक्षण व सेवा

लॉरी यांचे वैद्यकीय शिक्षण एडिनबरो येथे झाले. त्याच शहरात १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला होता. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, ही शल्यचिकित्सक जेम्स साइम यांची शिकवण लॉरी यांनी आयुष्यभर पाळली. लंडनमधील अनेक डॉक्टर मात्र नाडीला महत्त्व देत. १८८५ मध्ये लॉरी हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन झाले. तेथील वैद्यकीय विद्यालयही त्यांच्याकडे होते. नांदेड जिल्हा व त्यातील देगलूर तालुका तेव्हा याच निजामी राज्याचा भाग होता.

क्लोरोफॉर्म आयोग

१८८८ मधील पहिल्या आयोगाने शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग केले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने १,००० पौंड देऊन त्या नियतकालिकाचा प्रतिनिधी मागवला. त्यानुसार लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादेत आले. दुसऱ्या आयोगात चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि पहिलाच निष्कर्ष कायम राहिला. क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही, असे प्रतिपादन लॉरी यांनी केले.

आक्षेप व पुनर्मूल्यांकन

आयोगानंतरही शस्त्रक्रियेच्या मेजावर अकस्मात मृत्यू होतच राहिले. त्यांपैकी काही निरोगी तरुण रुग्णांचे, किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी व भूल पुरती चढण्याआधीच झालेले होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून याचा उलगडा केला. हलक्या भुलेत हृदयाच्या कप्प्यांचे स्नायू ताल सोडून थरथरू लागतात व रक्ताभिसरण थांबते, असे त्यांना आढळले. लॉरी यांच्या प्रयोगांचा भर क्लोरोफॉर्मच्या अतिमात्रेवर होता. त्यामुळे प्रयोगांची संख्या मोठी असूनही हा धोका त्यांच्या नजरेतून निसटला. हिवतापाच्या परजीवीचे अस्तित्वही त्यांनी नाकारले होते. पुढे १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी जवळच्याच सिकंदराबादेत तो परजीवी डासाच्या शरीरात दाखवून दिला.

वारसा

श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा लॉरी यांचा आग्रह योग्य ठरला. हृदय सुरक्षित असल्याची त्यांची ग्वाही मात्र चुकीची ठरली. जगातील आद्य महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी हैदराबादच्या याच विद्यालयात शिकल्या. क्लोरोफॉर्म आता भुलेसाठी वापरात नाही. आजचे भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत रुग्णाचा श्वास, रक्तदाब व हृदयाचे ठोके या सर्वांवर एकाच वेळी लक्ष ठेवतात.