एफएमचा शोध लावला, पण कोर्टकचेरीत आयुष्य गेलं

मलाजखंड (जि. बालाघाट) : पावसाळ्यात मैकलच्या डोंगरांवर वीज कडाडली, की मीडियम वेव्हवरचं गाणं खरखरीत बुडून जातं. एफएमवर मात्र आवाज स्वच्छ येतो. ही सोय करून देणारे अमेरिकन इंजिनिअर एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. त्यांच्या पदरात मात्र पैशापेक्षा खटलेच जास्त पडले.

18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, 1912 मध्ये, त्यांनी रेडिओचे क्षीण संकेत कैक पटींनी वाढवणारं सर्किट बनवलं. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये लष्करी सेवेत असताना त्यांनी सुपरहेटेरोडाइन पद्धत शोधली. पुढे जवळपास प्रत्येक रेडिओ त्याच पद्धतीवर चालला.

पहिल्या शोधाच्या हक्कावरून ली डी फॉरेस्ट यांच्याशी वीस वर्षं वाद चालला. 1934 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल विरोधात गेला. आर्मस्ट्राँग यांनी या शोधासाठी मिळालेलं पदक इंजिनिअरांच्या संस्थेला परत करायचं ठरवलं. संस्थेने ते घ्यायला साफ नकार दिला.

तोवर एफएम तयार झालं होतं. जुन्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त होते आणि विजेचा गडगडाटही त्या ताकदीतच मिसळतो. आर्मस्ट्राँग यांनी ताकद कायम ठेवून लहरीची वारंवारता बदलली. यात फायदा नाही, असं गणिती तज्ज्ञ सांगत होते. त्यांनी पट्टा रुंद घेतला आणि खरखर गेली. डिसेंबर 1933 मध्ये पेटंट मिळालं.

आरसीए या बड्या कंपनीने एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चाचण्या करू दिल्या, पण पुढे टीव्हीसाठी जागा हवी म्हणून सामान हलवायला लावलं. मग आर्मस्ट्राँग यांनी न्यू जर्सीतल्या अल्पाइनला स्वतःच्या पैशाने सुमारे 400 फुटांचा मनोरा उभारला. दुसऱ्या महायुद्धात आपली पेटंटं सरकारी लष्कराला फुकट वापरू दिली.

आरसीएने 1940 मध्ये दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले होते. इतर कंपन्या विक्रीवर रॉयल्टी देत असताना एकालाच सूट का, म्हणून त्यांनी ते नाकारले. 1945 मध्ये सरकारने एफएमचा पट्टा 42–50 वरून 88–108 मेगाहर्ट्झवर नेला. लोकांच्या घरातले जुने सेट भंगारात गेले. 1948 मध्ये आरसीएवर खटला भरला. वकिलांची फी भरता भरता पैसा संपला, संसारही विस्कटला. 31 जानेवारी 1954 च्या रात्री त्यांनी आपलं जीवन संपवलं.

पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. त्याच वर्षी आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीचाच आकडा! उरलेले खटलेही मॅरियन यांनी एकेक करून निकाली काढले. शेवटचा 1967 मध्ये.

भारतात एफएमचं पहिलं प्रक्षेपण 23 जुलै 1977 रोजी मद्रासला झालं. आज आपल्याकडे एफएमचा काटा फिरतो तो त्याच 88 ते 108 च्या पट्ट्यात.