विश्लेषण : इंग्लंडच्या खेड्यातले आवाज मेणावर कोरणारे पर्सी ग्रेंजर कोण होते?

जोसेफ टेलर हे लिंकनशर परगण्यातल्या एका जमीनदारीचे कारभारी. पंचाहत्तरीच्या घरातल्या या गृहस्थांना १९०८ मध्ये लंडनला बोलावून ग्रामोफोन कंपनीने त्यांची लोकगीते ध्वनिमुद्रित केली. याच कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज टिपला होता. पण गौहर जान नामवंत गायिका होत्या, तर टेलर यांना ब्रिगच्या पंचक्रोशीबाहेर कोणी ओळखत नव्हते. खेड्यातल्या लोकगायकाच्या तबकड्या बाजारात येण्याची इंग्लंडमधली ही पहिलीच वेळ मानली जाते. हे घडवून आणले पर्सी ग्रेंजर या २६ वर्षांच्या पियानोवादकाने.

ग्रेंजर लोकगीतांकडे कसे वळले?

ग्रेंजर यांचा जन्म १८८२ चा, मेलबर्नजवळचा. आई रोझ याच त्यांच्या पहिल्या शिक्षिका. पुढील शिक्षणासाठी त्या मुलाला १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला घेऊन गेल्या आणि १९०१ मध्ये मायलेक लंडनला आले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील मैफलींवर त्यांचे घर चाले. लोकगीतांच्या संग्राहक लुसी ब्रॉडवुड यांचे व्याख्यान १९०५ मध्ये त्यांनी ऐकले आणि काही आठवड्यांतच ते ब्रिगच्या संगीत स्पर्धेला पोहोचले. तिथे लोकगीतांच्या गटात टेलर पहिले आले होते.

त्या वर्षी ग्रेंजर यांनी इतरांप्रमाणेच कागद-पेन्सिलने सुरावट टिपली. तेव्हाच त्यांना अडचण जाणवली. टेलर प्रत्येक कडव्यात चाल किंचित बदलत, शब्दावर हलकीशी मुरकी घेत, लय कुठे ओढत तर कुठे सोडत. कागदावर मात्र एकच सरळ चाल उरे. लिहिलेली बंदिश आणि गळ्यातली बंदिश यांतले अंतर मराठी रसिकाला वेगळे समजावून सांगायला नको.

फोनोग्राफने काय बदलले?

ग्रेंजर १९०६ मध्ये एडिसन बेल बनावटीचा फोनोग्राफ घेऊन लिंकनशरला परतले. गायकाने कर्ण्यासमोर गायचे, आवाजाच्या कंपनाने सुई हलायची आणि फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर खाच कोरली जायची. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे मावत. शिवाय दर वेळी वाजवताना मेण झिजे. तरीही गती कमी करून तेच गाणे पुन:पुन्हा ऐकता येई, हा मोठा लाभ होता. अशी दोनशेहून अधिक नळकांडी त्यांनी भरली.

त्यांचे गायक म्हणजे शेतमजूर, कामगार आणि वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात, दिवस काढणारे म्हातारे. त्यांपैकी डीन यांची हकिगत ग्रेंजर यांनीच लिहून ठेवली आहे. पहिल्या भेटीत गाता गाता जुन्या आठवणींनी डीन यांना रडू कोसळले. त्यांना त्रास देऊ नका, अशी विनंती तिथल्या व्यवस्थापिकेने केली आणि ग्रेंजर नाइलाजाने परतले. वर्षाने ते यंत्रासह आले, तेव्हा डीन डोक्याला खोक पडून रुग्णशय्येवर होते. ग्रेंजर यांनी त्यांना इतर गायकांची मुद्रणे ऐकवली. एक मुद्रण अर्धे वाजते न वाजते तोच ते गायला तयार झाले. फोनोग्राफ त्यांच्या खाटेवरच ठेवण्यात आला. न गाता मरण्यापेक्षा ते गाताना मेलेले काय वाईट, असा विचार तेव्हा मनात आल्याचे ग्रेंजर यांनी कबूल केले आहे. ही आस्था की हव्यास, हा प्रश्न पडतोच.

मग विरोध कशासाठी?

ग्रेंजर यांनी १९०८ मध्ये फोक-साँग सोसायटीच्या नियतकालिकात ही गाणी कडव्यागणिक बदलांसह छापली. हे बदल म्हणजे चुका नसून तीच गायकाची कला आहे, असे त्यांचे म्हणणे. सोसायटीतल्या अनेकांना ते पटले नाही. संग्राहकांत अग्रणी असलेल्या सेसिल शार्प यांच्या मते यंत्रासमोर गायक बिचकतो आणि यंत्र नको तेही टिपते. महत्त्वाची ती मूळ चाल. काहींनी फोनोग्राफ वापरून पाहिला, पण मुख्य भर वहीवरच राहिला. परिणामी त्या पिढीतल्या असंख्य गायकांची गाणी आज पुस्तकांत आहेत, पण आवाज नाहीत.

टेलर यांच्या ‘ब्रिग फेअर’ या गाण्याने मात्र मोठा प्रवास केला. ग्रेंजर यांनी ते समूहगायनासाठी बसवले आणि त्यावरून डेलियस यांनी १९०७ मध्ये वाद्यवृंदासाठी रचना केली. लंडनमधल्या प्रयोगाला टेलर पाहुणे होते. आपली चाल ऐकून ते उठून गाऊ लागले, अशी आख्यायिका आहे. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

ग्रेंजर १९१४ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथलेच नागरिक झाले. १९२२ मध्ये आईने आत्महत्या केली. त्या धक्क्यातून ते कधी पूर्ण सावरले नाहीत. डेन्मार्कमध्ये त्यांनी पुन्हा लोकगीते गोळा केली, मध्ययुगीन इंग्लिश संगीताच्या संपादनातही हात घातला. त्यांच्या विचारांची काळी बाजूही होती. उत्तर युरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पना ते उघडपणे मांडत. गंमत म्हणजे जगभरच्या संगीताबद्दल त्यांना तितकेच कुतूहल होते.

‘लिंकनशर पोझी’ ही वाद्यमेळ्याची रचना त्यांनी १९३७ मध्ये त्या जुन्या गायकांना अर्पण केली. तिचा प्रत्येक भाग एकेका गायकाच्या ढंगावर बेतलेला आहे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्समध्ये त्यांचे निधन झाले. मेणाची नळकांडी झिजण्याआधी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांच्या प्रती तबकड्यांवर उतरवून घेतल्या होत्या. त्यामुळे खरखरीआडून का होईना, टेलर यांची मुरकी आजही ऐकता येते.