मनातील विटाळाचा शोध घेणारे गॉर्डन ऑलपोर्ट



माणूस माणसाचा विटाळ का मानतो? आपल्याला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. परंतु ज्यांना असा विटाळ कधी सोसावा लागला नाही, अशा एका गोऱ्या अमेरिकन प्राध्यापकानेही या प्रश्नाचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे नाव गॉर्डन ऑलपोर्ट.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८९७ रोजी इंडियाना राज्यातील माँटेझुमा गावी झाला. चार भावांत ते धाकटे. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. दवाखाना घरातच असल्याने मुले औषधाच्या बाटल्या धूत, रोग्यांची विचारपूस करीत. १९१५ साली ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि १९१९ साली पदवी घेऊन वर्षभर इस्तंबूलला शिकवायला गेले.

परतताना व्हिएन्नात त्यांनी सिग्मंड फ्रॉइड यांची भेट घेतली. काय बोलावे सुचेना, म्हणून येताना ट्रॅममध्ये पाहिलेला प्रसंग त्यांनी सांगितला. सुमारे चार वर्षांचा एक मुलगा, त्याला सारे जग घाणेरडे वाटत होते. त्या घाणेरड्या माणसाला माझ्याजवळ बसू देऊ नकोस, असे तो आईला विनवीत होता. आई कडक इस्त्रीच्या कपड्यांतली, करड्या स्वभावाची दिसत होती. फ्रॉइडनी ऐकून घेतले आणि उलट विचारले, तो मुलगा तुम्हीच का? ऑलपोर्ट चाट पडले. मनाचा तळ शोधण्याच्या नादात डोळ्यांसमोरचे सुटते, असा धडा त्यांनी घेतला. मला तो पटतो. घाणेरडा कोण हे त्या पोराला शिकविणारी शेजारीच बसली होती.

पुढे हार्वर्डमध्येच ते प्राध्यापक झाले. १९४७ साली लिओ पोस्टमन यांच्यासह त्यांनी अफवांवर पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रयोग असा. भुयारी रेल्वेचे एक चित्र, त्यात गोऱ्या माणसाच्या हाती वस्तरा, समोर काळा माणूस. पाहणाऱ्याने चित्राचे वर्णन दुसऱ्याला सांगायचे, त्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक वेळा सांगता सांगता वस्तरा काळ्या माणसाच्या हाती गेला! कोणी मुद्दाम खोटे बोलले असेलच असे नाही. मनात आधीच असलेल्या साच्यात चित्र बसले.

१९५४ साली त्यांचा पूर्वग्रहावरचा मोठा ग्रंथ आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. ऑलपोर्ट म्हणतात, मन वस्तूंचे गट पाडल्यावाचून विचारच करू शकत नाही. त्यात दोष नाही. नवी माहिती समोर आली तरी जे मत हलत नाही, तो पूर्वग्रह. आणि तो जन्मजात नसतो. ज्या मुलांचा द्वेष करायचा त्यांचे नाव काय, असे आईला विचारणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीची हकीकत त्यांनी नोंदविली आहे. द्वेष करायचा हे ती शिकली होती, कोणाचा ते अजून तिला पाठ व्हायचे होते.

मग उपाय कोणता? नुसते जवळ आणून भागत नाही, असे ते बजावतात. हे मी वर्गात रोज पाहतो. एका बाकावरची मुले मधल्या सुट्टीत डबे घेऊन वेगळाली होतात. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांवाचून गत्यंतर नसावे, आणि पाठीशी कायद्याचे व अधिकाऱ्यांचे बळ हवे. १९४५ साली युरोपात काही गोऱ्या कंपन्यांत काळ्या सैनिकांच्या प्लॅटून सामील केल्या होत्या. अशी मिसळण मुळीच न पाहिलेल्या गोऱ्या सैनिकांपैकी ६२ टक्क्यांना ती अतिशय नकोशी वाटत होती. ज्यांच्या कंपनीत काळे सैनिक प्रत्यक्ष लढले, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते.

आधी मने बदला, मग कायदा करा, हा युक्तिवाद आपण घटनेच्या १७ व्या कलमाबाबतही ऐकत आलो. ऑलपोर्ट यांना तो मान्य नव्हता. कायदा वागणूक बदलतो, आणि वागणुकीमागून मन येते, असे त्यांचे म्हणणे होते.

९ ऑक्टोबर १९६७ रोजी ते वारले. त्याआधी चार वर्षे, १९६३ साली, त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेल्या ५५ विद्यार्थ्यांनी त्यांना दोन बांधीव खंड भेट दिले होते. त्यांत गुरुजींची स्तुती नव्हती, त्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे लेखन होते. सर्व मानसन्मानांत ऑलपोर्टना ही भेट अधिक मोलाची वाटली.