मातीचे इंजिन

इंग्लंडच्या उत्तर भागात टाइन नदीच्या काठी वायलॅम नावाचे गाव आहे. तेथे ९ जून १७८१ रोजी जॉर्ज स्टीफन्सनचा जन्म झाला. ज्या घरात तो जन्मला, त्या घरात चार कुटुंबे राहत असत आणि जॉर्जच्या साऱ्या कुटुंबाच्या वाट्याला एकच खोली आली होती. त्याचे वडील कोळशाच्या खाणीवर काम करीत. खाणीतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्राच्या भट्टीत कोळसा टाकणे, हा त्यांचा रोजचा उद्योग होता. मजुरी तुटपुंजी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे मुलांना शाळेत घालणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. घराच्या दारावरूनच लाकडी रुळांची वाट जात असे. तीवरून घोडे कोळशाने भरलेल्या वाघिणी ओढून नेत. धाकटी भावंडे त्या घोड्यांच्या पायांखाली जाऊ नयेत म्हणून जॉर्जला त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागे.

जॉर्ज आठ वर्षांचा असताना हे कुटुंब ड्यूली बर्न येथे राहावयास गेले. तेथे रोज दोन पेन्स मजुरीवर तो एका विधवा बाईच्या गाई राखू लागला. गाई चरत असताना त्याला पुष्कळ मोकळा वेळ मिळे. तो बोरूच्या शिट्ट्या करी, ओढ्याच्या धारेवर चिमुकली पाणचक्की फिरवी. पण त्याचा सर्वांत आवडता खेळ निराळाच होता. बिल थर्लवॉल या सवंगड्याबरोबर तो मातीची इंजिने तयार करी. जवळच्या दलदलीतून चिकणमाती आणावी, तिचे इंजिन घडवावे आणि रानात उगवलेल्या झाडांचे पोकळ देठ वाफेच्या नळ्या म्हणून त्याला जोडावेत, असा हा खेळ चाले. पुढे दोघांनी बिलच्या घरासमोरील एका बाकावर कोळसा वर ओढण्याच्या यंत्राची लहानशी प्रतिकृती उभारली. बुचे कोरून त्यांनी कोळशाच्या टोपल्या केल्या, सुतळीचे दोर वळले आणि सुताराने टाकून दिलेले लाकडाचे तुकडे वेचून आणले. टोपल्या खाली सोडाव्यात आणि पुन्हा वर ओढाव्यात, हा त्यांचा उद्योग पाहून खाणीतील मजूर थक्क होत.

एके दिवशी भल्या पहाटे कोणा खोडसाळ माणसाने ते यंत्र मोडून टाकले. दोन्ही मुलांना फार वाईट वाटले. पण ते यंत्र रचताना त्याचा जो नकाशा जॉर्जच्या मनात उमटला होता, तो मात्र कोणालाही मोडता येण्यासारखा नव्हता.

चौदाव्या वर्षी जॉर्ज वडिलांच्या हाताखाली रोज एक शिलिंग मजुरीवर काम करू लागला आणि सतराव्या वर्षी एका इंजिनाची देखभाल त्याच्याकडे आली. शनिवारी काम थांबले की तो इंजिनाचा एकेक भाग सुटा करी, पुसून स्वच्छ करी व पुन्हा जागच्या जागी बसवी. जेम्स वॉट यांच्या सुधारलेल्या इंजिनांची वर्णने पुस्तकांत आहेत, असे त्याच्या कानांवर आले. पण अठरा वर्षांच्या या तरुणाला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते! तेव्हा त्याने पुन्हा माती हाती घेतली. इतरांनी सांगितलेल्या वर्णनांवरून तो इंजिनांचे नमुने घडवू लागला. मातीच त्याची पाटी झाली. तरीही एवढ्यावर भागणार नाही, हे त्याने ओळखले. दिवसभर राबून तो आठवड्यातून तीन रात्री शिक्षकाकडे जाऊ लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याला आपले नाव लिहिता आले.

१८०२ मध्ये त्याचे लग्न झाले. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट हा मुलगा झाला. परंतु १८०६ मध्ये पत्नी वारली. आपल्यासारखी अक्षरशत्रू राहण्याची पाळी मुलावर येऊ नये, म्हणून जॉर्ज रात्री जोडे सांधून व घड्याळे दुरुस्त करून पैसे साठवू लागला. रॉबर्ट न्यूकॅसलच्या शाळेत जाऊ लागला. तेथे तो जे शिके, तेच संध्याकाळी बापलेक मिळून अभ्यासत. १८१६ मध्ये दोघांनी एक छायायंत्र तयार करून घराच्या दारावर बसविले.

रुळांवर चालणारे वाफेचे इंजिन रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८०४ मध्येच करून दाखविले होते. परंतु ते रोजच्या वाहतुकीस उपयोगी पडेल, असे फार थोड्यांना वाटत होते. १८१४ मध्ये स्टीफन्सनने तयार केलेल्या पहिल्या इंजिनाने ३० टनांचा भार ताशी सुमारे ४ मैल वेगाने चढावर ओढून नेला. १८२५ मध्ये त्याने बांधलेल्या स्टॉकटन–डार्लिंग्टन लोहमार्गावरून गाडी धावली. पुढे १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली. बक्षीस ५०० पौंडांचे होते. बापलेकांच्या ‘रॉकेट’ या इंजिनाच्या बाष्पपात्रात तांब्याच्या २५ नळ्या बसविल्या होत्या. त्यांतून उष्ण वायू जात असल्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होई. इतर इंजिने बिघडली किंवा मागे पडली. सर्व फेऱ्या पूर्ण केल्या त्या एकट्या ‘रॉकेट’ने. त्याचा वेग ताशी सुमारे २९ मैलांपर्यंत गेला. दुसऱ्याच वर्षी लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला.

१२ ऑगस्ट १८४८ रोजी स्टीफन्सनचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्याकडे भारतातील पहिली प्रवासी आगगाडी निघाली. त्या लोहमार्गाचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे रॉबर्टच्याच हाताखाली तयार झाले होते. अशा रीतीने एका गुराख्याने दलदलीच्या काठी मांडलेला खेळ वाढत वाढत सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोहोचला.