अडकित्त्याचे मोल : डॉ. दिनकर केळकर

शाळेत 'माझा छंद' या विषयावर निबंध आला की आपण सारे पोस्टाची तिकिटे, नाणी आणि काडेपेट्यांची चित्रे यांपलीकडे सहसा जात नसू. जुने खिशातले चाकू जमवणे हा एक छंद आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. इंग्लंडातील शेफील्डच्या चाकूवरचा कारखान्याचा ठसा, पात्याची झीज, मुठीचे शिंग किंवा हस्तिदंत पाहून त्याचे वय सांगणारे दर्दी लोक जगात आहेत. आपल्याकडे मुळात खिसाच उशिरा आला. आपल्या पणजोबांच्या कमरेला असे ती चंची, आणि चंचीत पान, सुपारी व चुन्याची डबी यांच्या सोबतीला असे अडकित्ता. आपला खिशातला चाकू म्हणायचा तर तो हाच. हा अडकित्ता आणि त्याच्यासारख्या हजारो घरगुती वस्तू जमवण्यात ज्यांनी उभे आयुष्य घालवले, त्या पुण्याच्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांच्याविषयी मी येथे लिहिणार आहे.

आमच्या भागातल्या मुलांना हा विषय जवळचा वाटावा, याला आणखी एक कारण आहे. अडकित्ता या शब्दाचे मूळ कानडीत सांगतात. 'अडिके' म्हणजे सुपारी आणि 'कत्ती' म्हणजे पाते किंवा कोयता. मराठी माणसाच्या चंचीला माझे कानडी मित्र 'संची' म्हणतात. तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांतल्या वाचकांनी या लेखावर आपला हक्क सांगायला हरकत नाही.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. तरुणपणी ते कवी होते आणि 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहीत. पोटापाण्याचा उद्योग मात्र चष्म्यांच्या दुकानाचा होता. लोकांना नीट दिसावे म्हणून काचा देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसत होत्या. साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळी जुनी वस्तू म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तलवार, नाणे किंवा ताम्रपट येई. राजाची तलवार जपायला इतिहासकार होते, पण सुनेच्या हातातली वज्री, माजघरातला दिवा, कारकुनाची दौत, पाटा-वरवंटा, लहान मुलाचे लाकडी खेळणे यांना कोणी वाली नव्हता. केळकरांनी नेमक्या याच वस्तूंचा ध्यास घेतला. गावोगावी फिरून, माळे धुंडाळून, मोडीत निघालेल्या सामानातून त्यांनी त्या उचलल्या. हा फिरस्तीचा संसार त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीही आपला मानला.

या दांपत्याचा मुलगा राजा वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी गेला. असे दुःख झाले की माणूस एक तर सगळ्यातून मन काढून घेतो, नाही तर कशात तरी स्वतःला बुडवून घेतो. केळकरांनी आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. आज आपण 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' म्हणतो तेव्हा पुष्कळांना वाटते की राजा ही केळकरांची पदवी असावी. तो राजा म्हणजे सात वर्षांचा एक मुलगा आहे, हे कळल्यावर तिथल्या खेळण्यांच्या कपाटाकडे पाहण्याची नजरच बदलते.

संग्रहालयात दिवे आहेत, वाद्ये आहेत, कोरीव दरवाजे आहेत, चित्रकथी परंपरेची चित्रे आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो तिथे पुन्हा उभा केला आहे. मी मात्र सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो अडकित्त्यांपाशी. कोणी घोड्याच्या आकाराचा, कोणी पोपटाच्या, कोणी मोराच्या, तर कोणी स्त्री-पुरुषाच्या जोडीच्या रूपात घडवलेला. सुपारी कातरणे हे एवढेसे काम. त्यासाठी दोन दांडे, एका टोकाला खीळ आणि मधे एक पाते पुरेसे असते. खिळीजवळ सुपारी ठेवायची आणि दुसऱ्या टोकाला दाबायचे, म्हणजे थोड्या जोरात कठीण सुपारी फुटते. पदार्थविज्ञानातला तरफेचा नियम आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होता. पण कारागीर एवढ्यावर थांबला नाही. दाबायच्या दांड्यांना त्याने पाय दिले, पंख दिले, चेहरे दिले. धार हवी म्हणून पाते लोखंडाचे आणि शोभा हवी म्हणून अंग पितळेचे, असा मेळही त्याने घातला.

जुना अडकित्ता कसा पाहावा, याचीही एक रीत आहे. आधी खीळ पाहावी : ती ढिली झाली आहे का, पुन्हा ठोकलेली आहे का. मग पाते पाहावे : वर्षानुवर्षे धार लावून ते किती अरुंद झाले आहे. शेवटी दांडे हातात धरून पाहावेत. जिथे बोटे टेकतात तिथले नक्षीकाम झिजून गुळगुळीत झालेले असते. ती झीज कोणा एका माणसाच्या हाताने झालेली असते. घासून-पुसून, नवी कल्हई असल्यासारखा चकचकीत केलेला अडकित्ता दुकानात शोभतो, पण त्याची गोष्ट पुसली गेलेली असते.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना घसारा शिकवतात. वस्तू वापरली की तिची किंमत दरवर्षी कमी होत जाते आणि शेवटी मोडीची किंमत तेवढी उरते. हे गणित यंत्राला आणि फर्निचरला बरोबर लागू पडते. केळकरांच्या वस्तू मात्र या वहीत बसत नाहीत. एक वेळ अशी येते की मोडीच्या भावाला पोचलेली वस्तू पुन्हा वर चढू लागते. अडचण एवढीच, की तोवर ती टिकली पाहिजे. पितळेची भांडी देऊन स्टेनलेस स्टीलची घेण्याच्या दिवसांत किती समया आणि किती अडकित्ते भट्टीत गेले, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा मोडवाल्याच्या तराजूत पणजोबांचा अडकित्ता पडला होता. आजीने काही न बोलता तो उचलला आणि पदराखाली घेतला. तिला दात नाहीत, सुपारी ती खात नाही. त्या दिवशी तिने केले तेच काम केळकर दुसऱ्यांच्या घरांसाठी साठ वर्षे करत होते, असे मला वाटते.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार तर कोणत्याही व्यापाऱ्याला बुचकळ्यात टाकील. १९६२ मध्ये त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी ते सगळेच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठवण्यास मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला. त्याआधी अशा मालाला बाहेर गिऱ्हाईक मिळणे अवघड नव्हते. एकेक वस्तू विकून मोठी रक्कम उभी करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी संग्रह फुटू दिला नाही. फुटलेल्या संग्रहातून वस्तू उरतात, घर उरत नाही.

पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली, भारत सरकारने पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते वारले. मागे वीस हजारांहून अधिक वस्तू राहिल्या. त्यांतला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. बाजीराव रस्त्याजवळच्या त्या वास्तूत जाऊन तो अवश्य पाहावा. सहलीचे ठिकाण ठरवताना आपल्या प्राध्यापकांनी ही सूचना ध्यानात घ्यावी, ही विनंती.

आपण सारे केळकर होऊ शकणार नाही, तेवढी आपल्याकडे जागाही नाही आणि वेळही नाही. पण प्रत्येकाच्या माळ्यावर एखादी तरी अशी वस्तू असते. येत्या सुट्टीत ती खाली काढावी. ती कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी वस्तूला बांधून ठेवावी. मराठीत लिहा किंवा कानडीत लिहा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर लिहा.